पाटीवर ‘ग्लूटेन-फ्री’ आहे, म्हणून मुलाला द्यावे का?

वाचकाचे पत्र : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी सिलिॲक रोगाचे निदान झाले. तेव्हापासून त्याच्यासाठी ज्वारी, नाचणी आणि तांदूळ एवढेच चालते. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. त्यासाठी माझी नणंद तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन येणार आहे, आणि त्या मुलीला दुधाची व काजूची ॲलर्जी आहे. आमच्या भागात नुकतीच एक बेकरी सुरू झाली असून तिच्या पाटीवर ‘व्हेगन आणि ग्लूटेन-फ्री’ असे लिहिलेले आहे. दोन्ही मुलांना चालेल असा एकच केक तिथून आणता येईल असे मला वाटते. सासूबाई मात्र म्हणतात, ‘‘वर्षातनं एकदा जरासं खाल्लं तर काय होतंय? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’’ त्या बेकरीत जावे का, गेल्यास काय विचारावे, आणि एकाला चालत नाही म्हणून तीन वर्षांच्या धाकट्या मुलीचाही गहू बंद करावा का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, बेकरीत जरूर जावे, परंतु पहिल्या खेपेस मुलांना बरोबर नेऊ नये आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तर मुळीच जाऊ नये. शनिवारी संध्याकाळी गल्ल्यावर गर्दी असते, समोरच्या मुलाला केक बांधून देण्याची घाई असते आणि मालक आत असतो. अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला ‘‘हो हो, सगळं ग्लूटेन-फ्रीच आहे’’ याखेरीज दुसरे उत्तर मिळणे अवघड आहे. त्याऐवजी किमान पंधरा दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी, ज्यांच्या हाताने पीठ मळले जाते त्यांच्याशी बोलता येईल अशा वेळी जावे. पाटीवरचे दोन्ही शब्द पाककृतीत काय घातलेले नाही एवढेच सांगतात. तो पदार्थ कोणत्या खोलीत, कोणत्या चाळणीतून आणि कोणाच्या हातून तयार झाला, हे ते सांगत नाहीत, आणि तुमच्या घरच्या दोन मुलांच्या बाबतीत नेमके तेच महत्त्वाचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचा मुलगा आणि तुमची भाची यांचे दुखणे एकाच जातीचे नाही, म्हणून दोघांसाठी घ्यायची काळजीही एकसारखी नाही. सिलिॲक हा ॲलर्जीचा प्रकार नसून त्यात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. हे नुकसान अनेकदा गाजावाजा न करता होते. पोट दुखले नाही, जुलाब झाले नाहीत, म्हणजे खाल्लेले पचले असा अर्थ लावता येत नाही. रक्ताल्पता, खुंटलेली उंची किंवा हाडांचा ठिसूळपणा या रूपाने ते पुष्कळ उशिरा समोर येऊ शकते. भाचीची गोष्ट वेगळी आहे. अन्नाच्या ॲलर्जीची प्रतिक्रिया साधारणपणे काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत उमटते; अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे इथपासून श्वास कोंडण्यापर्यंत तिची मजल जाऊ शकते, आणि मागच्या वेळी नुसतेच पुरळ आले होते म्हणून या वेळीही तेवढ्यावरच भागेल याची शाश्वती नसते. थोडक्यात, मुलाच्या बाबतीत धोका दिसत नाही म्हणून फसवतो आणि भाचीच्या बाबतीत तो विचार करायला वेळ देत नाही.

आता ‘व्हेगन’ या शब्दाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातील मोठा गैरसमज तिथे आहे. व्हेगन पदार्थात दूध, तूप, लोणी, अंडे, मध असे प्राण्यांपासून मिळणारे काहीही घातले जात नाही, त्यामुळे दुधाच्या ॲलर्जीसाठी तो आपोआप योग्य ठरेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दूध वगळल्यावर मलईचा गुळगुळीतपणा आणायचा कशाने, हा प्रश्न प्रत्येक व्हेगन बेकरीपुढे उभा राहतो आणि त्याचे सर्वांत सोपे, चवदार उत्तर आहे भिजवून वाटलेले काजू. चीजकेकचा थर काजूचा, आयसिंग काजूचे, ‘दूध’ बदामाचे किंवा सोयाचे, आणि वर सजावटीला पिस्ते. म्हणजे ज्या मुलीला काजू चालत नाही तिच्यासाठी ही बेकरी कोपऱ्यावरच्या नेहमीच्या बेकरीपेक्षाही अधिक जोखमीची असू शकते. काजू आणि पिस्ता यांच्यातील प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असण्याची शक्यता बरीच असते; नणंदबाईंनी याविषयी डॉक्टरांना विचारले नसेल तर जरूर विचारावे.

आपल्याकडे ‘एगलेस’ आणि ‘व्हेगन’ यांचीही सर्रास गल्लत होते. एगलेस केकमध्ये अंड्याऐवजी बहुधा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे आणि शाकाहारात दूध बसते, त्यामुळे त्या ठिपक्यावर दुधाच्या ॲलर्जीचा निर्णय घेता येत नाही. व्हेगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये स्वतंत्र नियम केले आणि हिरव्या चौकटीतील ‘व्ही’ अक्षर व त्यावर इवलेसे पान अशी खूण ठरवून दिली. बेकरीत वापरल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर ती आहे का, हे अवश्य पाहावे. पण ही खूण ज्याला तत्त्व म्हणून प्राणिजन्य पदार्थ नको आहेत त्याच्यासाठी केलेली आहे. ॲलर्जीची हमी म्हणून ती वाचू नये. गडद चॉकलेटमध्ये दुधाचा अंश सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही फेटायच्या क्रीममध्ये सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातीलच प्रथिन असते. केकवरचे पांढरे शुभ्र आयसिंग कोणत्या डब्यातून आले, तो डबा पाहायला मागण्यात संकोच वाटून घेऊ नये.

‘ग्लूटेन-फ्री’ या शब्दाला मात्र कायद्याने आकडा दिलेला आहे. ज्या पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही, त्यालाच आपल्या देशात ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणता येते. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मर्यादेवरच्या 100 ग्रॅम केकमधून मुलाच्या पोटात जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम ग्लूटेन जाईल. सिलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाला सुमारे 10 मिलिग्रॅमपर्यंतचा अंश बाधत नाही असे मानले जाते, आणि रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यास आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे इटलीतील अभ्यासात 2007 मध्ये दिसून आले. दुसरीकडे साध्या मैद्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 80 मिलिग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे ओट्यावर सांडलेला, चिमटीत जेमतेम येईल एवढा मैदा पिठात मिसळला तरी दिवसाची मर्यादा संपते. सासूबाईंच्या ‘जरासं’ या शब्दाचे वजन एवढे आहे. भट्टीच्या उष्णतेने ग्लूटेन नष्ट होत नाही, त्यामुळे ‘‘भाजून निघतंय की सगळं’’ या उत्तरावरही समाधान मानू नये.

म्हणून बेकरीत गेल्यावर पहिला प्रश्न ‘‘हे ग्लूटेन-फ्री आहे का?’’ असा नसावा. ‘‘तुमच्याकडे मैदा किंवा गहू कशासाठीही येतो का?’’ असा तो असावा. पूर्णपणे ग्लूटेनविरहित बेकरी आणि इतर पदार्थांबरोबर ग्लूटेन-फ्री केकही करणारी बेकरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मैदा चाळला की त्याची धूळ हवेत तरंगत राहते आणि सावकाश खाली बसते. ट्रेवर, झाकण नसलेल्या भांड्यांवर आणि काम करणाऱ्याच्या ॲप्रनवरही ती बसते. एका टेबलावर खारी लाटली जात असेल आणि शेजारच्या टेबलावर नाचणीचा केक होत असेल, तर पाककृती कितीही शुद्ध असली तरी तो केक तुमच्या मुलासाठी नाही. अशा ठिकाणी ‘‘आम्ही सकाळी आधी ग्लूटेन-फ्री करतो आणि मग बाकीचं’’ असे सांगितले जाते. ही पद्धत काहीच न करण्यापेक्षा निश्चितच चांगली आहे, तरी सिलिॲक असलेल्या मुलासाठी मी ती पुरेशी मानत नाही.

मैदा अजिबात येत नाही असे उत्तर मिळाले, तर पुढचा प्रश्न पिठाच्या उगमाचा, आणि माझ्या मते हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. ज्वारी, नाचणी, तांदूळ ही धान्ये मुळात ग्लूटेनविरहित. पण ती दळली कुठे? आपल्या पेठेतल्या गिरणीत काय होते ते तुम्ही रोज पाहता. आधीच्या गिऱ्हाइकाचा गव्हाचा डबा उतरला की त्यामागोमाग आपली ज्वारी टाकली जाते; दगडांच्या फटीत, पीठ पडते त्या पेटीत आणि तोंडाशी बांधलेल्या कापडाच्या घड्यांत मागच्या गव्हाचे पीठ तसेच असते, आणि पहिले ओंजळभर पीठ बाजूला काढले तरी ते सगळे निघत नाही. बेकरीवाले पाकीटबंद, ग्लूटेन-फ्री म्हणून तपासलेले पीठ आणत असतील तर ते पाकीट पाहावे. स्वतःच्या वेगळ्या गिरणीवर दळत असतील तर उत्तमच. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुटे धान्य घेऊन बाहेरच्या गिरणीवर दळून आणत असतील, तर नम्रपणे आभार मानून बाहेर पडावे. धान्य निवडून घेतात का, हेही विचारावे, कारण सुट्या धान्याच्या पोत्यात गव्हाचे दाणे सापडणे काही नवलाचे नाही.

याच ओघात खपलीविषयी सांगणे भाग आहे. कोल्हापूर-सांगली भागात खपली गव्हाचे कौतुक मोठे आहे आणि ‘खपली पचायला हलका, तो चालतो’ असे भलेभले सांगतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, आणि सिलिॲक असलेल्याला तो चालत नाही. ज्या बेकरीच्या यादीत ‘खपलीचे ग्लूटेन-फ्री बिस्कीट’ दिसेल तिथे दुसरा प्रश्न विचारण्याची गरज नाही. रवा, दलिया आणि शेवया ही गव्हाचीच रूपे आहेत. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. माल्ट जवापासून होते आणि ते चॉकलेटच्या पेयांत, कॉर्नफ्लेक्समध्ये, कधीकधी बिस्किटांतही असते. ओट्स कारखान्यापर्यंत पोहोचताना गहू-जवात मिसळलेले असतात, म्हणून ग्लूटेन-फ्री असा स्पष्ट शिक्का असल्याखेरीज आणि मुलाच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते देऊ नयेत. कुट्टू मात्र गव्हाच्या कुळातला नाही, तो चालतो. खारे पदार्थ घेणार असाल तर हिंगाची चौकशी करावी. बाजारातल्या बांधणी हिंगात डिंकाबरोबर पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, आणि हे अनेक मुरलेल्या स्वयंपाक्यांनाही ठाऊक नसते.

साधनांबद्दल फार खोलात जाण्याची गरज नाही, कारण जिथे मैदा येतच नाही तिथे तो प्रश्न ग्लूटेनपुरता मिटतो. काजूचा प्रश्न मात्र मिटत नाही. ज्या मिक्सरच्या भांड्यात काजूची मलई वाटली त्यातच बिनकाजूचे आयसिंग फेटले जाते का, आयसिंग काढायच्या नळीच्या पिशव्या कापडाच्या आहेत की एकदाच वापरून टाकायच्या, केक कापण्याची सुरी एकच आहे का, काचेच्या कपाटात पिस्ते लावलेला केक वरच्या फळीवर ठेवतात का, हे प्रश्न भाचीसाठी विचारायचे आहेत. काजूच्या ॲलर्जीबद्दल तुम्ही बोलत आहात हे आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर समोरचा ‘व्हेगन’ शब्दाचीच उजळणी करत राहील.

चांगला बेकरीवाला ओळखण्याची माझी एक साधी कसोटी आहे : त्याला ‘नाही’ म्हणता येते का, हे पाहावे. ‘‘काजूचं आम्ही रोज करतो, त्यामुळे त्या मुलीसाठी मी खात्री देणार नाही,’’ असे जो सांगेल त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही. उलट, ‘‘काही होत नाही हो, बिनधास्त न्या,’’ असे म्हणणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्याला विषय समजलेला नाही. कोल्हापूरच्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणणे जड जाते, हे मान्य. पण इथे नाही म्हणणे हीच खरी आपुलकी आहे. दुकानात अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक लावलेला असावा आणि ग्लूटेनच्या प्रयोगशाळा तपासणीचा अहवाल असेल तर तो पाहावा, त्यावरील तारीख आणि कोणत्या पदार्थाचा नमुना होता तेही वाचावे. अहवाल नाही म्हणून लहान बेकरीला लगेच अप्रामाणिक ठरवू नये, आणि एका दिवसाच्या एका नमुन्याचा अहवाल आहे म्हणून वर्षभराची खात्रीही मानू नये. पाकीटबंद मालावर ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख करणे 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. समोर कापून दिलेल्या केकच्या तुकड्याला मात्र लेबल नसते, तिथे तुमचा प्रश्न हेच लेबल.

यातून मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळते. दोन्ही मुलांसाठी एकच केक बेकरीतून आणण्याचा आग्रह सोडावा, असे मला वाटते. बेकरी पूर्णपणे ग्लूटेनविरहित असेल आणि पिठाबद्दलची उत्तरे पटली असतील, तर मुलाचा केक तिथून खुशाल आणावा. भाचीचा केक, जोवर त्या स्वयंपाकघरात काजूचा रोजचा वावर आहे तोवर, तिथून आणू नये. ‘थोडासा चाखवून बघू, काही झालं नाही तर देऊ’ असा प्रयोग तर घरी कधीही करू नये. अशी चाचणी करायचीच असेल तर ती ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे हाताशी ठेवून, रुग्णालयातच होते. मुलाच्या बाबतीतही ‘एक तुकडा खाऊन पाहिला, काही झालं नाही’ हा पुरावा ठरत नाही, याचे कारण वर आले आहेच.

दोघांनी एकाच केकवर फुंकर घालावी अशी तुमची इच्छा असेल, आणि ती मला अगदी समजते, तर तो केक घरी करावा. तांदळाचे आणि नाचणीचे पीठ, गूळ, नारळाचे दूध, तेल, आणि बांधून धरण्यासाठी जवस : एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून दहा मिनिटे ठेवली की ती चिकट होते आणि एका अंड्याचे काम करते. ग्लूटेन हाच पिठाला ताण देणारा, हवा धरून ठेवणारा घटक असल्यामुळे तो नसलेला केक ठिसूळ होतो आणि लवकर वाळतो. चिमूटभर इसबगोल घातल्यास तो बराच सावरतो. बेकऱ्या यासाठी झँथन गम वापरतात, तेही निर्धोक आहे. केक त्याच दिवशी करावा, पूर्ण गार होईपर्यंत कापू नये आणि मैद्याच्या केकसारखा तो फुलून येईल अशी अपेक्षा ठेवू नये. बेकरीतला केक महाग का असतो आणि तरी थोडा भुसभुशीत का लागतो, हेही त्यावरून कळेल. गुळाला आपल्याकडे तोटा नाही, आणि नाचणीही शाहूवाडी-राधानगरीकडची मिळते. आजरा घनसाळ तांदळाची पिठी घेऊन उकडीचे मोदक केले, तूप वगळले, तर तेही दोघांना चालतात. मात्र केकऐवजी मोदक द्यावेत असे मी सुचवणार नाही. वर्षभर मित्रांच्या वाढदिवसाला हात मागे घेणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या वाढदिवशी पारंपरिक आहाराचे महत्त्व ऐकवू नये. त्याला आयसिंगचा, मेणबत्त्या खोचलेला केकच हवा असतो.

घरी करायचे तर घरातली घरघंटीही तपासावी. तिच्यात गहू दळला जात असेल, तर मुलाची ज्वारी त्याच घंटीत दळणे म्हणजे गिरणीचाच प्रकार घरी करणे होय. एक घंटी फक्त ग्लूटेनविरहित धान्यासाठी राखून चपातीचे पीठ बाहेरून दळून आणावे, हे सगळ्यांत सोयीचे. लाकडी पोळपाट-लाटणे आणि पिठाची चाळणी या दोन वस्तू मुलासाठी वेगळ्या ठेवाव्यात, कारण चाळणीच्या जाळीत अडकलेले पीठ धुऊनही जात नाही. स्टीलची भांडी नीट घासून वापरता येतात. समारंभाच्या दिवशी दोन्ही मुलांची ताटे इतरांच्या आधी वाढावीत आणि केकची सुरी दुसऱ्या कशालाही लावू नये. इतर मुलांसाठी भडंग करणार असाल तर कोरड्या चुरमुऱ्यांवर घरचीच फोडणी घालावी आणि तीत बांधणी हिंग टाळावा, म्हणजे मुलालाही ते मूठभर घेता येईल. विकतच्या फरसाणात काय काय आणि कोणत्या तेलात तळलेले आहे, याचा पत्ता लागणे कठीण असते. भाचीला शेंगदाणे चालतात का, हे आधी विचारून घ्यावे. तिच्या डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते कुठे ठेवले आहे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूस कसे द्यायचे, हे घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला माहीत असावे. श्वासाला त्रास, आवाज बसणे किंवा गळून जाणे दिसताच 108 क्रमांकावर फोन करावा. खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसू नये.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग नाही, कारण ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे त्यांच्या दृष्टीने खरेच आहे. रोग तेव्हाही होता. अशी मुले अशक्त राहत, ‘अंगी लागत नाही’ म्हणून सोडून दिली जात. गव्हाचा त्याच्याशी संबंध आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने मांडले, त्यात 1944-45 च्या हिवाळ्यातील पावाच्या टंचाईच्या काळात ही आजारी मुले सुधारताना दिसल्याचाही आधार होता, आणि त्याचा प्रबंध 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे सासूबाईंच्या लहानपणी कोल्हापुरात हे कोणाला ठाऊक नसावे, यात आश्चर्य नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच मुलाबरोबर पाठवावे आणि डॉक्टरांना त्यांच्याशी बोलू द्यावे. सुनेने सांगितलेला नियम आणि डॉक्टरांनी सांगितलेला नियम यांना घरात मिळणारा मान सारखा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्याकडे नातवाचा केक किंवा भाकरी करण्याचे काम सोपवले, तर त्याच नियमाच्या सर्वांत कडक राखणदार होतील. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो, तेव्हा मुलासाठी खडीसाखर किंवा केळे वेगळे ठेवण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच द्यावी.

शेवटचा प्रश्न धाकट्या मुलीचा. सिलिॲक असलेल्याच्या सख्ख्या भावंडांना तो असण्याची शक्यता साधारण दहांत एक असते, त्यामुळे तुमची शंका अस्थानी नाही. पण तपासणीआधी तिचा गहू बंद करणे ही मोठी अडचण ठरेल. टीटीजी-आयजीए ही रक्ताची चाचणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्हींत रोग दिसण्यासाठी रोजच्या जेवणात ग्लूटेन असावे लागते. गहू बंद झाला की प्रतिपिंडे कमी होतात, अस्तर भरून येते आणि अहवाल फसवा ‘नॉर्मल’ येतो, मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालून सारे नव्याने करावे लागते. मुलाच्या डॉक्टरांकडून तिची चाचणी लिहून घ्यावी, त्याबरोबर रक्तातील आयजीए या प्रतिपिंडाचे एकूण प्रमाणही पाहायला सांगावे, तुमची आणि तिच्या वडिलांचीही चाचणी त्याच वेळी उरकावी, आणि अहवाल हाती येईपर्यंत तिची रोजची चपाती चालू ठेवावी. यंदा तिचा अहवाल स्वच्छ आला तरी रोग पुढेही उद्भवू शकतो, म्हणून चाचणी पुन्हा कधी करायची, हेही डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.